बटण दाब आणि बोल, फेलादी

काचेच्या कपाटात तो एकच उरला होता. काळा, मुठीत मावेल एवढा, वर रबरी शेपटीसारखी अँटेना... फेलादीने काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा द्या." नेमकं त्याच वेळी पलीकडून आणखी एक बोट येऊन काचेवर टेकलं.

"हा द्या," त्या बोटाचा मालकही म्हणाला.

मोबाइलची कव्हरं, चार्जर, सोलरचे दिवे, भिंतीवरची घड्याळं अशा सगळ्या पसाऱ्याचं ते दक्षिण आफ्रिकेतल्या त्सानीनच्या बाजारातलं दुकान. गल्ल्यावर बसलेल्या इस्माईलभाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हात वर केले. "एकच आहे. आपसात ठरवा."

"माझं बोट आधी होतं," फेलादी म्हणाली.

"तुमचं बोट आधी त्या कॅल्क्युलेटरवर होतं. मला बघून सरकवलंत."

तिने मान वर करून बघितलं. उंच, सावळा, अंगात जंगल कंपनीचं हिरवं जाकीट, बुटांना ओली लाल माती. आणि चेहऱ्यावर हसू नव्हतंच. ते सगळं डोळ्यांत साठवलेलं होतं.

"बोटं बघत उभे असता का तुम्ही दुकानांतून?" तिने विचारलं.

"नाही. आजच सुरुवात केली." मग त्याने रेडिओकडे खूण केली. "यावर बोलायला परवाना लागतो, माहीत आहे ना? आधी परीक्षा. ती ऑक्टोबरात. तोवर बटण दाबायचं नाही, फक्त ऐकायचं."

"आणि तुम्ही?"

"मी बोलतो. रोज संध्याकाळी."

"बिचारे ऐकणारे."

आता मात्र तो हसला. बोट उचललं आणि मागे सरला. "घ्या तुम्हीच. माझ्याकडे असे तीन आहेत. हा मित्रासाठी हवा होता, पण मित्र थांबेल. तुम्ही काही थांबणाऱ्यांतल्या दिसत नाही."

तिने रेडिओ घेतला, पिशवीत टाकला आणि मागे वळून न बघता दुकानाबाहेर पडली. रस्ता ओलांडल्यावर मात्र बघितलं. तो दारातच उभा होता.

फेलादी लेबेपे ही एवोकॅडोच्या पॅकिंग कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती. फळं कापायची, वाळवायची, त्यांत तेल किती भरलंय ते बघायचं. रेडिओचं वेड तिला आदल्या उन्हाळ्यातल्या वादळाने लावलं. तेव्हा नदीला पूर आला, मोबाइलचे मनोरे आडवे झाले, आणि तिला लहानाची मोठी करणारी आत्या नदीपलीकडच्या गावात अडकली. जिवंत आहे की नाही, तेही कळेना. फेलादी नगरपालिकेच्या पायरीवर बसून राहिली होती. तिथे निवृत्त शाळामास्तर माथेबुला सर हातातल्या छोट्या रेडिओत काहीतरी बोलले, थोडं थांबले, आणि तिला म्हणाले, "तुझी आत्या चर्चमध्ये आहे. बाकीच्यांना स्वयंपाकावरून रागावतेय." फेलादी तिथल्या तिथे रडली होती. दोन मनोरे पडले, तारा तुटल्या, आणि हा खेळण्याएवढा डबा बोलत होता! तो आपल्याही हातात हवा, हे तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

घरी आल्यावर तिने डबा चालू केला, तर आतून एक बाई इंग्रजीत ठणठणीत आवाजात काहीतरी बोलली. कुठलंही बटण दाबलं की ती बोलायची. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कोण आलंय?"

"कुणी नाही, आत्या. रेडिओच बोलतोय."

"मग तिला सांग, हळू बोल. सांजेला कुणी एवढं ओरडतं का?"

ती बाई कशी गप्प करायची ते फेलादीला रात्री जेवणापर्यंत सापडलं. पण बाकी काही सापडेना. नुसती खरखर... कधी एखादी टॅक्सी कंपनी, मग परत खरखर. शनिवारी ती माथेबुला सरांच्या वर्गाला गेली. शाळेच्या हॉलमध्ये सर परीक्षेची तयारी करून घ्यायचे. आणि तिथे फळ्यापाशी, खडूने अँटेनाचं चित्र काढत, तेच हिरवं जाकीट.

"हा मातिंबा मलुलेके," सर म्हणाले. "डोंगरावरचे मनोरे, वणव्याचे रेडिओ, सगळं हाच बघतो. मला मदत करतो."

"आमची ओळख आहे," मातिंबा म्हणाला. "बोटापुरती."

त्याने तिचा रेडिओ घेतला आणि दाखवलं. डोंगरावर हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचा रिपीटर आहे, तो तुमचा बारीक आवाज उचलतो आणि जोरात सगळीकडे पसरवतो. पण तो ऐकतो एका लहरीवर, बोलतो दुसऱ्या लहरीवर. आणि बोलताना खाली एक बारीक सूर लावावा लागतो. सूर नसेल तर तो दार उघडत नाही.

"मानी आहे," फेलादी म्हणाली.

"डोंगरावर एकटा राहतो ना. ओळखीशिवाय बोलत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी? मी अनोळखी बोटांशीही बोलतो."

त्या संध्याकाळी सूर जुळला. खरखर एकदम थांबली आणि आतून माणसं बोलायला लागली. माथेबुला सर एकेकाला हाक मारत होते, एकेक जण हजेरी देत होता. कुणाकडे पाऊस, कुणाच्या गायीला वासरू, कुणाची वीज गेलेली. फेलादी पलंगावर मांडी घालून, रेडिओ दोन्ही हातांत धरून बसली होती. आणि मग तो आवाज... दुकानातल्यापेक्षा जरा खोल, जरा जवळचा.

"वोल्कबर्ग डोंगराच्या माथ्यावर आज दाट धुकं आहे. आणि एक खास नमस्कार, ज्यांना ऐकता येतं पण अजून बोलता येत नाही, त्यांना. उद्या गारठा वाढणार आहे. स्वेटर घाला."

मग कुणीतरी म्हातारा खोकून म्हणाला, "आम्हालाही गारठा आहे, मातिंबा. आम्हाला कधी सांगितलं नाहीस."

फेलादीने उशीत तोंड लपवलं. दुसऱ्या दिवशी स्वेटर घातला.

असे ते महिने गेले. रोज संध्याकाळी तो बोलायचा, ती ऐकायची. मनात दहा उत्तरं उठायची आणि बटणावरून अंगठा मागे घ्यावा लागायचा. शनिवारी मात्र ती आठवडाभराची उत्तरं एकदम द्यायची.

"मंगळवारी तुम्ही म्हणालात, चंद्र सुंदर दिसतोय. आमच्याकडे ढग होते."

"म्हणून तर सांगितलं. तुम्हाला दिसत नव्हता ना."

"गुरुवारी तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"गुरुवारी मनोऱ्यावर होतो, बॅटरी संपली. वाट बघितलीत?"

"सरांनी बघितली," ती म्हणाली आणि वहीत डोकं घातलं. मग तोही समोर बसून विजेच्या प्रवाहाचे नियम शिकवायचा. ते तिला कळायचे, पण त्याच्या मनगटावरचा सोल्डरिंगचा जुना डाग बघता बघता पुन्हा विचारावे लागायचे. कधी वर्ग संपल्यावर दोघं गाडीवर गरम गरम माग्विन्या, पिठाचे तळलेले गोळे, खायचे, तेलाने बोटं माखायची, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. आत्याला कळलं. "हल्ली त्या रेडिओतला मुलगा हवामानाच्या बातम्या फार प्रेमाने देतो," ती भाजी चिरता चिरता म्हणाली.

परीक्षा झाली. ती पास झाली. काही आठवड्यांनी परवाना आला आणि तिच्या नावाला अक्षरा-आकड्यांची एक खूण मिळाली, जगात फक्त तिची. त्या संध्याकाळी सरांनी सगळ्यांची हजेरी घेतल्यावर विचारलं, "आणखी कोणी?"

फेलादीने बटण दाबलं. लाल दिवा लागला. आणि डोकं कोरं झालं. महिनोन् महिने साठवलेलं एकही वाक्य जागेवर नाही! कशीबशी तिने आपली खूण उच्चारली, शेवटच्या अक्षराला अडखळली... आणि बटण धरूनच बसली.

शेवटी अंगठा उचलला तेव्हा मातिंबाचा आवाज आला, अगदी हळू. "स्वच्छ येतेयस, फेलादी. श्वाससुद्धा ऐकू येतोय. घाई नाही. आम्ही सगळे थांबलोय."

तिने पुन्हा बटण दाबलं. "नमस्कार," ती म्हणाली. "मी स्वेटर घातलाय."

त्यावर क्लबमधले सगळे म्हातारे एकदम बोलायला गेले आणि रिपीटरवर नुसता कल्लोळ झाला.

त्यानंतर तिला जमिनीवर पाय टेकवणं कठीण झालं. रविवारी ती एका टेकडीवर चढायची, तो समोरच्या टेकडीवर. मध्ये चहाचे मळे, पावसाळी हिरवे, खाली वाफाळणारी दरी. रिपीटर नाही, कुणाची मदत नाही. या हातातून त्या हातात थेट. "हात हलव," तो म्हणायचा. ती हलवायची. "ती तू नाहीस, ते झाड आहे." "झाड तुझ्यापेक्षा बरं दिसतंय इथून." पाऊस यायचा, समोरची टेकडी पुसून जायची, आणि त्या पांढऱ्या पडद्यातून त्याचा आवाज तेवढा कोरडा, ऊबदार येत राहायचा.

अशाच एका रविवारी तो आपल्या टेकडीवर गेलाच नाही. तिच्याच टेकडीवर आला, भिजलेला. शेजारी येऊन बसला.

"मला बेटावर घेतलंय," तो म्हणाला. "मेरियन बेट, दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात. तिथल्या संशोधन केंद्राला रेडिओ तंत्रज्ञ हवा होता. तू भेटायच्या आधीच अर्ज केला होता... मिळेल असं वाटलंच नव्हतं. एप्रिलमध्ये बोट सुटते. वर्षभर."

फेलादीने समोरच्या रिकाम्या टेकडीकडे बघितलं. "कधी कळलं?"

"दोन आठवडे झाले."

"म्हणजे दोन आठवडे तू रोज मला हवामान सांगत होतास आणि हे नाही सांगितलंस."

"सांगायला जीभ रेटेना. फेलादी... तू नको म्हण. मी नाही जाणार."

"वा. म्हणजे पुढे आयुष्यभर पेंग्विन दिसले की माझ्याकडे बघून उसासे टाकणार." तिचा आवाज चिरकला, पण तिने तो सावरला. "लहानपणापासून तुला जायचंय ना तिथे?"

"हो."

"मग हे माझ्या डोक्यावर ठेवू नकोस. जा."

जायच्या दिवशी टॅक्सी थांब्यावर खूप माणसं होती. तो काहीतरी बोलणार होता, तीही. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मातिंबा म्हणाला, "काळजी घे." ती म्हणाली, "तूही." एवढंच. घरी येऊन ती आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मी मूर्ख आहे." आत्या म्हणाली, "हो. पण तोही आहे. जोडी चांगली आहे."

बेटावरून त्याचे मेसेज यायचे, तुटक, उशिरा. वारा, सील, बर्फ. तीही लिहायची. पण टॅक्सी थांब्यावर गिळलेलं ते वाक्य तिला बोटांनी लिहायचं नव्हतं. ते तोंडाने म्हणायचं होतं, आणि त्याने कानांनी ऐकायचं होतं. याच रेडिओवरून.

माथेबुला सरांना आधी हसू आलं. "बाळ, हा डबा टेकडीपर्यंत जातो. मेरियन बेट महासागरात आहे, अडीच हजार किलोमीटरवर. मध्ये पृथ्वीचा फुगवटा." मग हसता हसता ते थांबले. चष्मा काढून पुसला. "पण वर जायला मध्ये काही नाही..."

वर हौशी रेडिओवाल्यांचे छोटे उपग्रह फिरत असतात. डोंगरावरच्या रिपीटरसारखेच, फक्त डोंगर आकाशात आणि धावता. दक्षिणेकडून येतो, काही मिनिटं दिसतो, उत्तरेला बुडतो. तो समुद्राच्या वर असेल तेव्हा त्सानीन आणि मेरियन, दोघांनाही एकदम दिसू शकतो. तेवढ्यात बोलायचं. रबरी शेपटीने काम भागणार नाही; नेम धरता येईल अशी अँटेना हवी.

फेलादीने ती आत्याच्या शिवणाच्या टेबलावर बनवली. नळाचा प्लॅस्टिकचा पाइप, त्यावर पोलादी मेजरिंग टेपचे कापलेले तुकडे, माशाच्या काट्यासारखे आडवे. पहिल्या दिवशी एक तुकडा उलटून गालावर बसला. दुसऱ्या वेळी उपग्रह मागून गेला आणि ती पुढे बघत राहिली. शेजारच्यांनी आत्याला विचारलं, मुलगी आकाशात मासे पकडते का? मग एका दुपारी खरखरीतून अचानक अनोळखी आवाज फुटले. केपटाऊनचा कुणी, रियुनियन बेटावरचा कुणी, मोझांबिकमधली एक बाई... आकाशातून! फेलादी अंगणात उड्या मारत होती आणि आवाज येत-जात होते, कारण उड्यांबरोबर अँटेनाही उडत होती.

मग तिने मातिंबाला एकच मेसेज पाठवला. कुठला उपग्रह, कुठली फेरी. 'तुझा डबा आणि अँटेना घेऊन बाहेर उभा राहा. बोलायचंय.'

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'वादळ असलं तरी उभा राहीन.'

शाळेच्या मैदानावर लख्ख ऊन होतं. तिला एकटीला यायचं होतं, पण सर आले, सरांबरोबर क्लब आला, आणि आत्या डब्यात मोरोगोची पालेभाजी आणि मक्याच्या पिठाचा घट्ट पाप घेऊन आली, कारण एवढी माणसं उपाशी कशी ठेवायची. फेलादीने दक्षिणेकडे, निलगिरीच्या झाडांच्या शेंड्यांवर नेम धरला. "आला असेल आता," सर पुटपुटले.

खरखर... खरखर... मग खरखर पातळ झाली. दोन-तीन माणसं एकदम बोलत होती, रहदारी नुसती. आणि त्यांच्या खाली, वाऱ्याच्या घोंघावण्यात गुंडाळलेला, तो आवाज. तिची खूण उच्चारत होता. एकेक अक्षर.

"तोच," ती म्हणाली. "तोच आहे."

तिने बटण दाबलं, आपली खूण सांगितली, त्याची सांगितली. मध्येच केपटाऊनचा कुणी घुसला आणि हाका मारू लागला. तेवढ्यात मोझांबिकच्या त्या बाईचा ठसकेबाज आवाज आला, "सगळ्यांनी थांबा जरा. मेरियन बेट आहे. त्या मुलीला बोलू द्या." आणि खरंच, सगळे थांबले. आकाश रिकामं झालं.

"फेलादी," मातिंबा म्हणाला. "स्वच्छ येतेयस. इथे वारा मला ढकलतोय. बोल."

क्लबचे सगळे म्हातारे तिच्याकडे बघत होते. केपटाऊन ऐकत होतं, रियुनियन ऐकत होतं, अर्धा महासागर कान लावून होता. लाज वाटायला हवी होती. तिला फक्त आकाशात सरकत जाणारा तो न दिसणारा ठिपका जाणवत होता, निसटत चाललेला.

"मातिंबा, मला तू आवडतोस," ती म्हणाली. "टॅक्सीजवळ सांगायचं होतं, राहून गेलं. माझं तुझ्यावर प्रेम आहे. हवामानाबद्दल काही म्हणायचं नाही. बोल."

तिने बटण सोडलं... आणि तिचा हातच खाली गेला. सगळी ताकद त्या वाक्यात गेली होती. अँटेनाचं टोक गवताला लागलं. रेडिओतून नुसती खरखर.

"वर कर, वर कर," सर ओरडले. तिने दचकून अँटेना उचलली, दक्षिणेला फिरवली, पण उपग्रह तोवर डोक्यावर येऊन गेला होता. ती फिरली, झाडं फिरली, आत्या फिरली... सापडला तेव्हा उत्तरेला होता आणि मेरियन बेट त्याच्या नजरेआड बुडालं होतं. वाऱ्याचा आवाज नव्हता. कुणाचाच नव्हता.

"बोलला का तो?" फेलादी सरांकडे वळली. "सर, तो काही बोलला का?"

सरांनी नकारार्थी मान हलवली; त्यांनीही नुसती खरखरच ऐकली होती.

मग रेडिओ खाकरला. मोझांबिकची बाई होती, आणि ती जरा नाक ओढत होती. "त्सानीनची मुलगी ऐकतेय का? मेरियनचा निरोप तुला पोचला?"

फेलादीने बटण दाबलं. "नाही पोचला. माझा हात... नाही पोचला."

"मग नीट धर हात. मी सांगते, त्याचेच शब्द, माझं त्यात काही नाही." बाईने श्वास घेतला. "तो म्हणाला, माझंही आहे. कधीपासून ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही. तो म्हणाला, बोट केपटाऊनला लागेल तेव्हा धक्क्यावर ये, आत्यांना घेऊन ये, लग्नाचं त्यांच्याशीच बोलायचंय. आणि मग तो नुसता हसत होता, मुली. आवाज तुटेपर्यंत हसत होता. ते मात्र मला पुन्हा करून दाखवता येणार नाही."

रियुनियनवाला म्हणाला, मीही ऐकलं, असंच म्हणाला. केपटाऊनवाला म्हणाला, मघाशी मध्ये बोललो, माफ करा, आणि अभिनंदन. मग उपग्रह डोंगरामागे गेला आणि सगळे एकेक करून विझले.

फेलादी अँटेना छातीशी धरून गवतात बसली होती. रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. आत्या डबा बाजूला ठेवून तिच्याजवळ आली. इंग्रजी तिला अर्धंच कळलं होतं.

"काय म्हणाली ती बाई?"

"केपटाऊनला जायचंय, आत्या. आपल्या दोघींना. पुढच्या वर्षी, त्याची बोट येईल तेव्हा."

"बोटीला उशीर होतो का?"

"वारा असला तर होतो."

"मग दोन दिवस आधीच जाऊ," आत्या म्हणाली, आणि शालीच्या टोकाने तिचे गाल पुसायला लागली.